खाली बघणारी मुलगी

अण्णा,

तुम्ही काढलेला एक फोटो परदेशातल्या एका संग्रहालयात भिंतीएवढा करून लावणार आहेत. वारस म्हणून माझी सही हवी होती. कोणता फोटो ते सांगितलं की तुम्हाला लगेच आठवेल. मागे डोंगराचा रंगवलेला पडदा, डोक्यावर लाकडांची मोळी, गळ्यात मण्यांच्या माळा आणि खाली बघणारी दहा वर्षांची ठाकर मुलगी. ती मुलगी मी आहे, हे आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आई तुमच्या आधी गेली, आणि जिच्या जागी मला उभं केलंत तीही तीन वर्षांपूर्वी गेली, असं मला गेल्या महिन्यात कळलं.

त्या दिवसाचं मला सगळं नीट आठवतं, कारण तुम्ही मला शाळा बुडवायला लावली होती आणि तसं तुम्ही त्याआधी किंवा नंतर कधीच केलं नाही. माथेरानच्या एका दुकानदाराला पर्यटकांना विकायला कार्डं हवी होती, इथल्या डोंगरातल्या माणसांची. आपल्या स्टुडिओच्या पायरीवर एक ठाकर बाई करवंदं आणि रानभाज्या घेऊन बसायची. तिची मुलगी माझ्याएवढीच. तिचा चेहरा चांगला आहे म्हणून तुम्ही बाईला सांगितलं होतं, बाजारच्या दिवशी हिला घेऊन ये, फोटो काढतो, एक तुलाही देतो. ती आली. मुलीला गुलाबी नायलॉनचा फ्रॉक घातलेला, तोंडाला पावडर, दोन वेण्यांना दोन रिबिनी, आणि पायात कुणाचे तरी मोठे कॅनव्हासचे बूट. तुम्ही काउंटरमागे कपाळाला हात लावलात.

"अगं, हे काय आणलंस? रोजचं नेसवून आण म्हटलं होतं ना?"

"रोजचं रोजच दिसतंय की रं दादा," बाई म्हणाली. "फोटूत बी तेच कशाला?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडे सगळेच तसे येत. आरशाजवळच्या खुंटीवर तुमचा काळा कोट असायचा. कर्जतच्या आसपासच्या किती गावांतले शेतकरी तो एकच कोट घालून बसले असतील, मोजदाद नाही. बारीक माणूस असला तर तुम्ही मागून चिमटे लावायचात. कोटातला शेतकरी तुम्हाला चालायचा आणि फ्रॉकातली ठाकर मुलगी चालेना. याचं कारण मला फार उशिरा कळलं. शेतकरी स्वतःच्या घरात लावायला फोटो काढत होता. हा फोटो दुसऱ्यांनी बघायचा होता.

तरी बाईचं मन राखायला तुम्ही फ्रॉकातला एक फोटो काढलात. कागदी फुलांच्या फुलदाणीवर हात ठेवून ती मुलगी उभी राहिली आणि तिने थेट कॅमेऱ्यात बघितलं. तुम्ही म्हणालात, "जरा खाली बघ." ती म्हणाली, "कशाला?" आणि बघत राहिली. मी दाराच्या पडद्याआडून बघत होते आणि मला हसू आवरेना. तुम्हाला असं कुणी विचारत नसे.

मुलगी फ्रॉक बदलायला तयार होईना, मग तुम्ही बाईकडून तिच्या गळ्यातल्या माळा अर्ध्या तासासाठी मागून घेतल्यात आणि आत स्वयंपाकघरात आलात. आई चुलीपाशी होती. तिच्या जुन्या लुगड्याचं अर्धं फाडून तुम्ही तिला मला नेसवायला लावलंत, गुडघ्यापर्यंत. आईला ठाकरांसारखं नेसवता येत नव्हतं, तिने तिला सुचेल तसा काष्टा घातला आणि पदर खोचला. कंदिलाची काजळी खोबरेलात कालवून तुम्ही माझ्या हातापायांना चोळलीत. मी नको म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत. पडद्यापुढे मोळी डोक्यावर घेऊन मी समोर बघितलं तर तुम्ही ओरडलात, "तोंड वर नको. लाजतात त्या. खाली बघ."

"ती कुठे लाजत होती?" मी म्हटलं.

"मला शिकवू नकोस."

मी खाली बघितलं. लाजून नाही, तुम्ही ओरडलात म्हणून. तेवढाच फरक आहे आणि तो फोटोत दिसत नाही. नंतर न्हाणीत आई माझे हात घासत होती, काजळी निघत नव्हती, आणि ती दाराकडे तोंड करून तुम्हाला म्हणाली, "स्वतःच्या पोरीचं सोंग काढलंत. कुणी ओळखलं म्हणजे?" तुम्ही बाहेरूनच म्हणालात, "कोण ओळखणार? कार्ड घेणारा इथला नसतो." माळा तुम्ही बाईला परत केल्यात. फ्रॉकातला फोटो पुढच्या बाजारी देतो म्हणालात. तिने पुढे दोन-तीनदा मागितला, मग मागायची थांबली. ती निगेटिव्ह तुम्ही कधी छापलीच नाहीत. मला हे माहीत आहे, कारण ती मला खोक्यात मिळाली, बटरपेपरात, तशीच.

गेल्या महिन्यात खालापूरला माझ्या घरी तिशीची एक मुलगी आली. मूळची पुण्याची, आता तिकडे संग्रहालयात काम करते. तुमचं कार्ड तिला तिकडच्या कुठल्याशा जुन्या अल्बममध्ये मिळालं. मागे स्टुडिओचा शिक्का होता, त्यावरून ती कर्जतला आली, तिथून माझ्याकडे. तिने दोन दिवस माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तुमची सगळी खोकी बघितली. मुलगी कष्टाळू आहे, वस्तू हाताळायची शिस्त आहे, मला आवडली. तिने फ्रॉकातली निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली आणि बाजूला ठेवली.

"ही नको?" मी विचारलं.

"स्टुडिओतले असे फोटो सगळीकडे सापडतात, मॅडम. यात तिची ओळख दिसत नाही."

"कोणाची?"

"समाजाची," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवून मला माझाच फोटो दाखवला. "हा बघा. किती खरा आहे. नजर बघा तिची. तुमच्या वडिलांनी तिला विश्वासात घेतल्याशिवाय असा फोटो निघत नाही."

मी तेव्हाच सांगणार होते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, खोटं बोलणाऱ्या मुलाला मी कधी पाठीशी घातलं नाही. पण मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आणि मॅडम, आम्ही त्या मुलीचं घरही शोधलं." कार्ड घेऊन ती भिवपुरीच्या पलीकडच्या वाड्यांमध्ये फिरली होती. एका घरात त्या माळा निघाल्या. मण्यांमध्ये एक पितळी बटण ओवलेलं आहे, ते फोटोतही दिसतं. घरातल्यांनी लगेच ओळखलं, ही आमची आई. संग्रहालयातल्या मुलीने त्यांना फोटो मोठा करून, फ्रेम करून दिला होता. सांगताना तिचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मी म्हटलं, फॉर्म ठेवून जा, वाचून सही करते.

कर्जतमध्ये एकाकडून मी फ्रॉकातला फोटो छापून घेतला. खरं काय ते त्या घरी सांगायचं, फोटो द्यायचा आणि मग संग्रहालयाला कळवायचं, असा सरळ बेत होता. भिवपुरी स्टेशनवरून रिक्षा केली. वाडीत आता घरकुल योजनेतली पक्की घरं आहेत. त्या ठाकर मुलीची लेक माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, एका फार्महाउसवर स्वयंपाकाला जाते. मी फोटोग्राफरची मुलगी म्हटल्यावर तिने खुर्ची पुसली. समोरच्या भिंतीवर मी होते. चंदनाचा हार घातलेला, खाली उदबत्तीचं घर. आपल्याच फोटोला हार बघून माणसाला काहीतरी वाटायला हवं. मला वाटलं की फ्रेम थोडी तिरकी लागली आहे.

लेकीची मुलगी, म्हणजे फ्रॉकातल्या मुलीची नात, कॉलेजात जाते. तिने मोबाइल काढून दाखवला. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाला वाडीतल्या सहा मुली फोटोत बघून नेसल्या होत्या. आईने चुलीपाशी गडबडीत घातलेला काष्टा, सहा वेळा. सहाही जणी खाली बघत होत्या.

"तुझी आजी असंच नेसायची?" मी विचारलं.

"नाय ओ, आजी वेगळं नेसायची. पन हे जुनं हाय ना. हेच खरं असंल."

तिची आई चहा गाळता गाळता हसली. "माझी आई कदी कुनापुढं मान खाली घालायची नाय, बाई. फॉरेस्टवाल्याला बी नाय. फोटूत तेवढी लाजली बघा."

मी पर्समधून पाकीट काढलं आणि फ्रॉकातला फोटो तिच्या हातात दिला. तिने तो दाराशी नेऊन बघितला. दारातल्या उजेडात तिची हनुवटी आणि फोटोतली हनुवटी एकच होती. मागे वळून तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसंच त्या मुलीने तुमच्या कॅमेऱ्याकडे बघितलं होतं.

"ही कोन?"

मी म्हटलं, "नीट बघा. तुमच्याकडचीच असेल."

"छ्या. आमच्यात फ्रॉक कुनी घालत व्हतं तवा? कर्जतच्या कोना बामनाची, नायतर शेटाची असंल." तिने फोटो पदराने पुसून परत दिला. "ज्यांची हाय त्यांना द्या. त्यांच्याकडं नसंल."

त्यावेळी एक वाक्य पुरलं असतं. अण्णा, मी वाक्य जुळवलंही होतं. मग तिने देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला आणि म्हणाली, "तुमच्या वडलांच्या हातचा फोटू हाय. तुमी लावा आईला." नात मोबाइल धरून उभी राहिली. मी उठले आणि काचेवरून स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं. फ्रेम सरळ केली. निघताना लेक रिक्षापर्यंत आली आणि करटुल्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "आई असती तर खूश झाली असती," ती म्हणाली. "एवढ्या लांबून कुनी येत नाय."

घरी आले, भाजी निवडली, फ्रीजमध्ये ठेवली आणि फॉर्म भरला. फोटोतील व्यक्तीचं नाव, या ओळीवर त्या बाईच्या मुलीचं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात. सही केली. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवला. ती लाजणारी, विश्वासात घेतलेली मुलगी आता तिकडे भिंतीवर लागेल, लोक तिच्यापुढे थांबतील, आणि इकडे वाडीतल्या मुली तिच्यासारखं नेसतील. तुमचं नाव खाली येईल. स्पेलिंग मी तपासून दिलं आहे.

तुमची अब्रू राखायला मी गप्प बसले असं तुम्हाला वाटू नये म्हणून हे लिहायला घेतलं. तिच्या लेकीचं मन मोडू नये म्हणूनही नाही, जरी तसं लिहायचं दोनदा मनात आलं. खरं एवढंच आहे की ती रिक्षापाशी उभी राहून माझ्याकडे चांगली बाई म्हणून बघत होती, आणि मला ते आवडलं.