हवेलीच्या दाराची चौकट

३ डिसेंबर

चौकट मिळत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये अठराव्या शतकातली एक हवेली आहे, तिचा दिवाणखाना आम्ही आरेजवळच्या स्टुडिओत उभा करतोय — वेबसिरीजसाठी. चहाचं पाणी मारून भिंती जुन्या केल्या. पण खऱ्या हवेलीत दाराच्या चौकटीवर घरातल्या पोरांच्या उंचीच्या रेघा होत्या, त्या दुरुस्तीत गेल्या. डायरेक्टरला नेमक्या त्याच हव्यात. नव्या मारल्या तर खोट्या दिसतात. वैताग नुसता.

मग आठवलं — द्रौपदीवहिनी.

५ डिसेंबर

दहिसरला दादाकडे गेले. चाळ पाडली तेव्हा वहिनीने दाराची चौकट तेवढी टॉवरमध्ये आणली. हॉलच्या भिंतीला टेकवलीये. त्यावर सम्यकच्या रेघा, दादाच्या अक्षरात नाव. अकराव्या वर्षी डेंग्यूने गेला पोरगा. वहिनी भाजीसुद्धा तिथेच बसून निवडते. रडत नाही, नुसती बसते. त्यापेक्षा रडलेली परवडली.

म्हटलं, महिन्याभरासाठी दे, लाकूडच तर आहे ना. तर म्हणाली, "तुला नाही कळायचं, सपना. पदरात मूल असतं तर कळलं असतं."

दादासमोर बोलली.

मी तोंड पाडून बसले. तिलाच वाईट वाटलं मग. दिली.

९ डिसेंबर

रेघा ठेवल्या. 'सम्यक' रंगाखाली घातलं, वर फ्रेंचमध्ये 'एतियेन'. झकास जमलंय.

२० डिसेंबर

वहिनी सेट बघायला आली. चौकटीवर हात फिरवत राहिली. "नाव पुसलंस?"

"पाण्याचा रंग आहे गं, निघतो."

"नक्की निघेल ना?"

तिथेच फतकल मारून बसली. शॉट अडला. दंडाला धरून उठवलं तिला, सगळ्यांदेखत.

१४ जानेवारी

शूटिंग संपलं, सेट तोडला. हवेलीच्या मालकीणबाईंनी फोटो बघून चौकट मागितली — लोक तिकीट काढून हवेली बघायला येतात, त्यांना दाखवायला. बाईंच्या ओळखीने मला पुढचं कामही मिळेल. फ्रान्सला पाठवून दिली.

वहिनीला सांगितलं, सेटला आग लागली. तिने चहा टाकला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

दादा खाली सोडायला आला. म्हणाला, "सुटलो बघ. आता तरी उठेल ती तिथून."

२ मे

उठली खरी. त्या भिंतीवर आता टीव्ही लावलाय. माझ्याशी गोड वागते. आज जेवायला वाढताना म्हणाली, "त्या आगीत तुला कुठे भाजलं नाही ना गं? तेव्हा विचारायचंच राहिलं."

१७ जून

वहिनी घरी आली होती, माझ्यासाठी शेवग्याची भाजी घेऊन. तेवढ्यात हवेलीच्या बाईंचं मेल आलं. येणारेजाणारे चौकटीला हात लावतात म्हणे, रंग झिजला. खालून अक्षरं वर आलीत. सोबत फोटो. बाई विचारतात, कुणाचं नाव आहे, पाहुण्यांना काय सांगू?

"कुणाचं गं?" वहिनीने विचारलं.

"कामाचं."

तिच्यासमोरच उत्तर लिहिलं — सुताराचं नाव आहे. खरवडून टाका.