नाव बदललेल्या बाईची चाचणी

भूम

प्रिय हर्षाताई,

पत्र बघून हसू नकोस. दिवसभर संगणकापुढं बसणारा तुझा भाऊ कागदावर लिहितोय, आणि अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. फोन का केला नाही ते तुला ठाऊक आहेच. आधी घरचं सांगतो.

मी आता तेरखेड्याला राहत नाही. आपल्याकडं कुठल्या ना कुठल्या कारखान्यात सारखी फटाक्यांची चाचणी चाललेली असते आणि कंपनीतले पुण्याचे लोक ऑनलाइन मीटिंगमध्ये विचारतात, आज कुणाचं लग्न? शेवटी भूमला एसटी स्टँडच्या मागं एक खोली घेतली. खोली घ्यायचं दुसरंही एक कारण आहे, ते पुढं येईलच. आई सकाळच्या गाडीनं कंडक्टरकडं डबा देते. आबांचे गुडघे दुखतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

कंपनीनं सध्या एक वेगळंच काम दिलंय. आमचे बरेच सर्व्हर एकत्र बांधून एक क्लस्टर केलाय, सगळे प्रोग्राम त्यावर आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालतात. हा क्लस्टर स्वतः कुणालाच ओळखत नाही. दारात कोण आलंय ते तो दुसऱ्या एका सर्व्हरच्या शब्दावर मानतो. त्यानं सही करून सांगितलं की ही अमुक बाई, की हा मान डोलावतो, मग त्या नावाला काय काय अधिकार आहेत ते बघून आत सोडतो. खऱ्या सर्व्हरवर प्रयोग करता येत नाहीत, म्हणून चाचणीसाठी ओळख देणारा एक खोटा सर्व्हर उभा करायचा आणि त्यात खोटी माणसं भरायची. माणसं कुठून आणू? गोठ्यातल्या बैलांची नावं घातली, आईचं घातलं, आणि सगळ्यात आधी तुझं. सगळे अधिकार तुलाच दिले. तरी अर्धा दिवस क्लस्टर माझ्या सर्व्हरवर विश्वासच ठेवीना. एका ठिकाणी सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ होती, दुसऱ्या ठिकाणी नव्हती, एवढंच. तू असतीस तर चहा निवायच्या आत बोट ठेवलं असतंस.

खरं तर हे काम तुझं होतं. बी.एस्सी.ला पहिली आलीस तू, ओट्यावर बसवून डोक्यात टपल्या मारत मला शिकवलंस तू, आणि नोकरी लागली मला. तुझा तो लॅपटॉप दाजींनी कुणाला तरी देऊन टाकला म्हणे. मला अजून राग येतो.

मग आमच्या उमादेवी मॅडम म्हणाल्या, लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचं काय होतं तेही तपासा. मी सर्व्हरमध्ये हर्षाली खोडून राजेश्वरी लिहिलं. सर्व्हरनं सही केली. क्लस्टरनं सही मान्य केली, बाई खरी आहे म्हणाला, आणि आत सोडलं नाही. राजेश्वरी नावाला कसलाच अधिकार नव्हता. तुझं सगळं आत जसंच्या तसं पडलेलं होतं, हर्षालीच्या नावावर, आणि तू बाहेर. मी लॅपटॉप मिटला आणि स्टँडवर जाऊन बसलो.

लग्नात कृष्णराज दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीनं तुझं नवं नाव लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण त्या दिवसापासून आबांनीच तुला हर्षा म्हणायचं सोडलं, हे मला तेव्हा कळलं नाही. पंचमीला तू एकटीच सासरहून, ईटहून आलीस, मी तेव्हा पुण्याला होतो. आईनं नंतर रडत सांगितलं. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतंस. आबा उंबऱ्यातच म्हणाले, “मुराळी न्हाय, निरोप न्हाय, आन् एकटीच आलीस व्हय, राजेश्वरी? आता तुजं घर तिकडं हाय. सांजच्या गाडीनं माघारी जा.” आईनं ओटी भरली आणि तू गेलीस. लेकीला आणायला भाऊ मुराळी जातो, तो आला नाही म्हणून लेक घरची नव्हे, असा तो हिशेब.

गेल्या बाजारी शांताक्का कासारीण माझ्या खोलीवर आली. बांगड्या भरायला गावोगाव बायकांचे हात हातात घेणारी ती, तिच्यापासून काय लपणार. म्हणाली, “तुजी बहीण उजवाच हात फुडं करती. डावा पदराखालीच. म्या वढून बघितला. मनगटाचं हाड वाकडं जुळलंय, बाबा. त्या हातात आता बांगडी चढत न्हाय.” मी तसाच तेरखेड्याला गेलो, आबांना सांगितलं. ते म्हणाले, “दिली ती दिली. माज्या दारात लोकांना तमाशा नगं.” त्यानंतर मी त्यांच्याशी बोललेलो नाही. निघताना आईनं तू पांघरायचीस ती जुनी वाकळ माझ्या पिशवीत कोंबली.

परत येऊन ते काम पुरं केलं. माणसाला नावावरून ओळखायचंच नाही, असं क्लस्टरला सांगितलं. सर्व्हर प्रत्येकाला पहिल्या दिवशी एक आकडा देतो, नाव किती का बदलेना, तो बदलत नाही. तुझे अधिकार त्या आकड्यावर बांधले आणि पुन्हा राजेश्वरी म्हणून तुला पाठवलं. या वेळी आत गेलीस. मला तिथंच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

तर ताई, आता कसलाही सण नाही, पण मी मुराळी म्हणून यायला तयार आहे. आबांचं दार बंद आहे, ते उघडेल असं खोटं आश्वासन देणार नाही. खोली आहे, ती घेतली तेव्हाच तू डोक्यात होतीस; वाकळ आहे, माझा लॅपटॉप आहे. तुझ्या मनाविरुद्ध मात्र येणार नाही, कारण मी येऊन रिकाम्या हातानं परतलो तर त्या रात्री तुझं काय होईल ते मला कळतं. म्हणून उत्तर लिहू नकोस, बोलूही नकोस, शांताक्कानं गुपचूप दिलेला हा कागद वाचून चुलीत घाल. पुढच्या फेरीला शांताक्का येईल तेव्हा सासूबाई शेजारीच बसलेल्या असतील. तू नेहमीसारखा उजवा हात पुढं केलास तर मी समजून घेईन आणि वाट बघेन. डावा केलास, की ठाण्यातल्या बाई पोलिसाला सोबत घेऊन, भरदिवसा, सगळ्या ईटसमोर मी तुझ्या दारात उभा असेन.

त्या डाव्या हाताची वाट बघणारा, तुझाच,
रणधीर