बाबाचे मोड

९ सप्टेंबर, देवळी
पोटात पुन्हा आग. छातीच्या खाली, मधोमध, निखारा ठेवल्यासारखी. मोबाइलच्या दुकानात पक्या बाजूला बसतो, तो म्हणे, "प्रणालीची आग हाय बे ते. याले गोळी नसते." पाठीत एक हाणली. तरी हसूनच राह्यला.
प्र. चा मेसेज नाई. निळ्या खुणा, बस. सकाळची वर्धा गाडी हॉर्न मारते न मी उगाच उठून बसतो. कॉलेज सोडलेल्या माणसाला त्या गाडीचं काय काम?

१२ सप्टें.
वर्ध्याला, पोटाच्या डॉक्टरीणबाईकडे. बाबा आले सोबत, शुक्रवारी एसटीतून सुट्टी असते त्यांना. घशातून नळी. तुकडा काढून तपासायला ठेवला. परतीच्या गाडीत बाबा ड्रायव्हरला सांगत होते, "पोरगं ओरडलं नाई." ओरडणार कसा, नळी होती न.

१९ सप्टें.
रिपोर्ट. एच. पायलोरी. जठरात घर करणारा जंतू. दोन आठवडे गोळ्या. बाई म्हणाल्या, एका घरात राहणाऱ्यांत पसरतो हा, आणखी कोणाला जळजळ? मी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांच्या स्टिअरिंगजवळ खायच्या सोड्याची डबी असते, मला आठवतं तेव्हापासून.
बाईंनी त्यांनाच धरलं. "शौचातून रक्त जातं का?"
"नाई मॅडम. ड्रायव्हर लोकायले मूळव्याधीचे मोड असतात, तेवढंच."
बाईंनी कागदावर आतडं काढलं. मग म्हणाल्या, आतड्यात पॉलिप म्हणून वाढ होते, आतून मोडासारखी उगवते. ज्यांच्या पोटात हा जंतू, त्यांच्यात ती जरा जास्त सापडते असं दिसतं. जंतूमुळेच होते असं मी म्हणत नाही. सगळ्या वाईट नसतात, काही पुढे बिघडतात. रक्त जात असेल तर मोड समजून बसू नका, दुर्बिणीनं बघू.
बाहेर चहा घेताना बाबा एकदम खूश. "पाह्यलं? डॉक्टरीण बी मोडच म्हणते."

२२ सप्टें.
मागच्या तारेवर बाबांच्या उशीची खोळ. ड्रायव्हर सीटवर ठेवतात ती उशी. खोळ स्वतः धुतात, आईला हात लावू देत नाहीत. आज जवळून पाह्यली. मधोमध पिंगट डाग, धुऊनही.
आई म्हणे, "मोडाचं जाते कधी कधी. डेपोत साऱ्यायचंच जाते."
साऱ्यायचं. आणि कोणी तपासलं? सारे एकमेकाला चूर्ण देतात.

२४ सप्टें.
केलं मी जे करतो ते. डेपोच्या टपरीवर बाबा ताकात चूर्ण ढवळत होते. सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांपुढे ओरडलो, "मोड नाई ते! दुर्बीण खालून घालतात म्हणून भेता तुमी!"
कोणीतरी फिसकन हसलं, त्याची कॉलर धरली. बाबांनी माझी बोटं एक एक करून सोडवली. गाडीत चढले, उशी सरळ केली, गाडी काढली.

२५ सप्टें.
बाबा आईमार्फत बोलतात. "त्याले म्हण, गोळी घे."
गोळ्यांनी तोंडात लोखंडाची चव. त्यांना तीही नाही. त्यांना काहीच नाही, नुसती उशी.

२७ सप्टें.
प्र. चा फोन!! तिचा, माझा नाही. पक्यानं सांगितलं असेल. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माह्यासाठी कॉलेजातल्या त्या पोराले मारलं न कॉलेज सोडलं. मी म्हटलं होतं का, मार? आता बापाले वाचवाले बी भांडणच?"
मग काय करू?
"त्यायच्या मागच्या सीटवर जाऊन बस. न चूप राह्य."
ठेवला. तिच्या घरी स्थळं पाहून राह्यले म्हणतात, ते विचारायचंच राहून गेलं.

२ ऑक्टोबर
दसऱ्याची नागपूर स्पेशल. बाबा दरवर्षी ही ड्युटी मागून घेतात. आई रजा टाका म्हणाली तर, "दीक्षाभूमीले माणसं न्यायचं सोडून घरी झोपू?" गाडीभर पांढरे कपडे, डबे, लेकरं. मी ड्रायव्हरच्या मागे. चूप.
सेलूच्या पुढे गाडी कडेला घेतली. पाण्याची बाटली घेऊन झुडपामागे गेले. आत बाया गाणी म्हणत होत्या. बराच वेळ. परत आले तर तोंड राखेसारखं. बसायच्या आधी उशी उलटी केली.
आरशातून पाह्यलं माझ्याकडे. "सुमेध." डेपोनंतर पहिल्यांदा. "पुढच्या शुक्रवारी सुट्टी हाय मले."
एवढंच. गियर टाकला.

९ ऑक्टो.
बाबांनी उद्याच्या दुर्बिणीसाठी पोट साफ करायचं औषध घेतलं. संडासातून आवाज, "एवढी गाडी तर मी जिंदगीत नाई पळवली बे!" आई हसून हसून रडली. मग नुसतीच रडली.

१० ऑक्टो.
बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. गुलाबी ओली भिंत, तिच्यावर ओल्या लाकडावर सात्यांच्या छत्र्या उगवतात तसं. दोन लहान होते, काढले. एक मोठा, बुडाशी रुंद. तो तसाच आहे. तुकडा तपासायला गेला.
"आत्ताच काही सांगता येत नाही."
एवढे दिवस काय करत होता, असं नाही म्हणाल्या. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.
बाबा गुंगीतच, "काढले न मोड? झालं मंग."
मी हो म्हटलं. काऊन म्हटलं हो?

१४ ऑक्टो.
बाबांनी मुगाची उसळ मागितली, आईनं कालच मूग फडक्यात बांधून ठेवलेले. आज सोडले तर पांढरे कोंब कापडातून आरपार. "पाहा किती मोड आले," आई बोलून गेली. बाबा पोट धरून हसले.
दुपारी फोन. दवाखान्यातून. रिपोर्ट आला. काय आहे विचारलं. "फोनवर नाही. उद्या या. वडिलांना घेऊन या."
बाबा खाटेवरून पाहत होते. "कोणाचा बे?"
तोंडातून निघालं, "प्रणालीचा."
"मंग थोबाड काऊन पडलं? नाई म्हणते का पोरगी?"
"नाई. उद्या या म्हणते."
"मले बी?"
"तुमाले बी."
उठूनच बसले. कमजोरी, बिमजोरी सगळं विसरले. "ऐकलं का वं! माहा पांढरा शर्ट काढ!"
आई इस्त्री करून राह्यली. बाबा बाजूला उभे राहून कॉलर दाखवतात, इथं अजून, इथं.