डॉक्टरांच्या नावातलं मधलं अक्षर

मंगळवार, १२ ऑगस्ट. दुपारी सव्वाचारला डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, छपाईची चूक आहे."

धाकट्या बहिणीच्या, शैलाच्या, रक्ताच्या कर्करोगावर जुनं औषध चालेनासं झालंय. असं का होतं यावर या डॉक्टरांचे पुष्कळ शोधनिबंध, म्हणून तिला यांच्याकडे नेलं. पण नावातलं मधलं अक्षर अर्ध्या निबंधांवर 'पी', अर्ध्यांवर 'एस'. लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलतं. पुरुषाचा बाप कसा बदलतो? की ते निबंध दुसऱ्याच कुणाचे?

शैला म्हणते, "काऊन भांडून राह्यली ताई? मले औषध पायजे, त्याचा बाप नाई."

पण नवं औषध तेच ठरवणार ना? छपाई इतक्यांदा चुकते, तीही बापाच्याच अक्षरात? उद्या लिहून देते: यातले तुमचे निबंध कोणते, गुरुवारी पाचच्या आत लेखी कळवा. तोवर शैलाला सुई टोचू देणार नाही.