आमचं हो म्हणजे हो

लिंडेनथाल, २१ जानेवारी १९७९

चि. युस्तिना हिस,
प्रभूमध्ये अ. उ. आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. पेन्नरांचा जावई कांद्याची गाडी घेऊन कारागांडाला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. वाचून झालं की चुलीत घाल. कॉर्नेलियुसला दाखवू नकोस. तुझ्या नवऱ्याला नेहमी माझंच काहीतरी चुकलेलं दिसतं, आणि या वेळी ते खरं आहे.

सामुदायिक शेतीवरचा वासरांचा गोठा जळाला. एकोणीस वासरं गेली. त्यातली सहा मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली होती.

शनिवार होता. रविवारचे पाव भाजल्याशिवाय आपल्यातली बाई शनिवारी पाठ टेकत नाही, आणि या रविवारी तर प्रभुभोजनाची भाकर करायची पाळी माझी होती. कणीक दुपारीच फुगून भांड्याबाहेर आली असेल, या काळजीने मी चारलाच निघाले. पाळीचा राखणदार तोक्तोसुन येतो सहाला. तो येईपर्यंत थांबून गोठा त्याच्या ताब्यात द्यायचा नियम आहे. गोठ्यातल्या शेगडीचं दार नीट लागलं नव्हतं. मला ते दिसलं होतं, युस्तिना. तरी निघाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तपासनीसाने विचारलं की गोठा राखणदाराच्या ताब्यात दिला होता का. मी हो म्हटलं. खोट्या साक्षीला शिक्षा होते असा एक कागद त्याने पुढे केला, तर मी मान ताठ करून सांगितलं की आम्ही शपथा घेत नाही, आमचं हो म्हणजे हो. तो शेतीच्या अध्यक्षांकडे बघायला लागला. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या हो, ही प्रार्थनावाली माणसं खोटं बोलत नाहीत, आणि तो राखणदार तर पिणारा आहे.

तोक्तोसुन दारातच उभा होता. चार वासरं ओढून काढताना हात भाजले होते त्याचे. तो मला अजूनही एजे म्हणतो, थोरली बहीण. एवढंच म्हणाला की एजे, नीट आठवून सांग. मी खाली बघितलं.

मी काय करू ते कळव.
तुझी ताई,
आगानेथा

कारागांडा, ४ फेब्रुवारी १९७९

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. तूही ते मनातून जाळ.

रागावू नकोस, पण तू लहानपणापासूनच अशी. आईची बशी फुटली तर मांजराच्या वतीनेही माफी मागून मोकळी व्हायचीस. हा प्रसंग तसा नाही. जर्मनीला जायच्या अर्जावर आपली सगळ्यांची नावं एकत्र आहेत: मी, हे, आमची लिडिया आणि तू. एकावर खटला झाला की सगळा अर्ज फेटाळला जातो. अकरा वर्षं वाट पाहतोय आपण. लिडियाला इथे विद्यापीठात घेणार नाहीत, शाळेत तिला देवभोळी गाय म्हणतात. तिचा काय गुन्हा?

देवापाशी सांगितलंस ना? मग झालं. त्याला कळलं की पुरे. तोक्तोसुन थंडीत दोन घोट घेऊन झोपलाच असता, आग तेव्हाही लागलीच असती. त्याला ताकीद देऊन सोडतील. तू गप्प राहा.

हे खोकतायत, बाकी ठीक. तू पाठवलेला सुका जर्दाळू लिडियाने एकटीने संपवला.
लोभ असावा.
तुझी,
युस्तिना

लिंडेनथाल, २९ एप्रिल १९७९

चि. युस्तिना हिस,
प्रभूमध्ये अ. उ. आशीर्वाद.

ताकीद दिली नाही. तोक्तोसुनला पाच वर्षं दिली. निकालात लिहिलंय की साक्षीदार बाई धार्मिक असली तरी कामात चोख आणि खरं बोलणारी आहे. माझ्यासमोर वाचून दाखवलं.

बेचाळीस साली जर्मन म्हणून आईला कामाच्या छावणीत नेलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. ते दोन हिवाळे आपण तोक्तोसुनच्या आईच्या चुलीपाशी काढले. तुला आणि त्याला ती एकाच वाडग्यातून भरवायची. हे तुला आठवत नसेल, मला आठवतं.

आता पुढचं ऐक. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. पोलिसांची जीप वळली की त्याची बायको बुरुल आपली बदकं हुसकावत आमच्या खिडकीखालून न्यायची. त्यांचा कलकलाट ऐकला की प्रार्थनेला जमलेले आम्ही बायबलं पिठाच्या पिंपात टाकून बटाटे सोलायला बसायचो. इतकी वर्षं तिने हे कोणी न सांगता केलं. पुनरुत्थानाच्या सणादिवशी सकाळी जीप आली, आणि बदकं अंगणातच राहिली. इसाककाकांना नेलं. एकाहत्तर वर्षांचं माणूस, मंडळीचा वडील, दमेकरी. त्यांना चष्मासुद्धा घेऊ दिला नाही.

कोणाला बुरुलचा राग आला नाही, कारण तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. सगळ्यांना वाटतं चुगली आतूनच झाली. काकांच्या जागी आता फ्रान्त्स उभा राहतो. त्याने बायबलमधली, लुटीतली वस्तू तंबूत पुरणाऱ्या माणसाची गोष्ट वाचली, ज्याच्यापायी सगळी छावणी हरली. असा कोणीतरी आपल्यात आहे म्हणाला. तो पुढे येईपर्यंत प्रभुभोजन होणार नाही. आता बायका ओल्गाजवळ बसत नाहीत, कारण ती जन्माने रशियन. परवा ती मला म्हणाली की आगानेथा, तू एकटी माझ्याशी बोलतेस, तुझं मन किती स्वच्छ.

मी प्रार्थनेला गुडघे टेकते आणि शब्द येत नाहीत. देव आहे, पण त्याने पाठ केली आहे. मी ते मनात झाकून ठेवलं, तर ते दुसऱ्यांच्या घरांत उगवायला लागलं.

तू सांगितलंस म्हणून मी गप्प आहे असं नाही. मला भीती वाटते.
तुझी,
आगानेथा

कारागांडा, २० मे १९७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. परवानगी आली. चौघांची. जुलैच्या शेवटी निघायचं आहे. हे स्वयंपाकघरात बसून रडले, मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

दोन महिने, ताई. फक्त दोन महिने तोंड मिटून काढ. तिकडे गेल्यावर बुरुलला दरमहा कपडे पाठवू, औषधं पाठवू. मी तुझ्या पाया पडते. तुला देवाचं पडलंय, मला माझ्या मुलीचं. हे लिहितानाच मला भीती वाटतेय की मी काय लिहिलं, पण खोडत नाही.
तुझी,
युस्तिना

लिंडेनथाल, १२ जून १९७९

चि. युस्तिना हिस,
प्रभूमध्ये अ. उ. आशीर्वाद.

माझ्यावर रागावशील. हक्क आहे तुझा.

रविवारी मी मंडळीसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं: शेगडी, गोठा, ते हो. मग फ्रान्त्स उठला, मला मिठी मारली, म्हणाला की बहिणीने चूक पदरी घेतली, प्रभूने क्षमा केली. बायका रडल्या. त्यांनी ओल्गाची क्षमा मागितली. गाणं झालं, आणि दोन महिन्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं. सगळ्यांचे चेहरे उजळले होते, आजारी माणूस घाम येऊन बरा व्हावा तसे.

भाकरीची ताटली माझ्यापर्यंत आली. मी हळूच फ्रान्त्सला विचारलं की तोक्तोसुनचं काय. तो म्हणाला, ते मंडळीबाहेरचं, बहिणी, आपण आपली भांडणं जगाच्या न्यायालयात नेत नाही, तशी रीत आहे. फ्रान्त्स तसा चांगला माणूस आहे, पोटच्या पोरांवर कधी हात उगारला नाही. आणि चाळीस माणसांत कोणाच्याच तोंडून बुरुलचं नाव निघालं नाही. मी भाकर न घेताच ताटली पुढे दिली.

तशीच उठून तिच्याकडे गेले. ती लोकर धूत होती. मी सांगितलं. तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी विचारलं की मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलून काय करू, एजे, तुझं हो सरकारी शिक्क्याचं, आमचं नाही म्हणणं पिणाऱ्याचं. मी क्षमा मागितली. तर म्हणाली, ती तुमच्या घरात वाटून झाली ना, गाणं ऐकलं मी. इथे काय मागतेस? जा, शिक्का आहे त्याच्याकडे जा.

उद्या सकाळच्या बसने तपासनीसाकडे जाते. जे होईल ते तुमच्या अर्जालाही भोवेल, ठाऊक आहे. इसाककाकांना, तोक्तोसुनला, बुरुलच्या मुलांना मी विचारलं नव्हतं. तुलाही विचारत नाही. असंच असतं ते. एकीने करायचं आणि सगळ्यांनी भरायचं.

लिडियाला माझे मुके.
तुझी,
आगानेथा

लिंडेनथाल, १६ ऑगस्ट १९७९

ती. ताईस,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातली माणसं वाचतील. वाचू देत.

पत्ता बघून दचकू नकोस, मी गेले नाही, इथे तुझ्या घरी आले आहे. अर्जावरचं तुझं नाव खोडलं, आमची तिघांची ठेवली. हे आणि लिडिया तीस जुलैला विमानात बसले. हे म्हणाले की तुझ्या बहिणीने एक गोठा जाळला, तू घर जाळतेस. लिडिया काचेपलीकडून हात हलवत राहिली. मला वाटलं होतं ती रागाने मान फिरवेल. फिरवली असती तर सोपं गेलं असतं.

तुझं ऐकूनही त्यांनी तोक्तोसुनला सोडलं नाही, हे मला इकडे येताना बसमध्येच कळलं. तुम्ही दोघांनी संगनमताने केलं असं आता ठरतंय: तू खोटं बोललीस, म्हणजे काहीतरी लपवायचं होतं, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. इसाककाकांचीही काही बातमी नाही. तू एवढं केलंस आणि कोणाचंच काही सुटलं नाही.

काल मी बुरुलकडे गेले. तिला रशियन लिहिता येत नाही, मला येतं. तिच्या ओट्यावर बसून अर्ज लिहिला. त्यात लिहिलं की माझ्या बहिणीचा आणि राखणदाराचा कट नव्हता, याची साक्षीदार मी. खरं काय ते मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. तिने विचारलं की काय करू, आणि गप्प राहा असं मी सांगितलं, दोनदा, लेखी. तिची पत्रं मी जाळली आहेत, पण उत्तरं लिहिणारा हात माझाच होता. खाली माझं पूर्ण नाव घातलं.

बुरुलला तो वाचून दाखवला. ती म्हणाली, म्हणजे आता आत तिघं, आणि बाहेर मी एकटी.

मी म्हटलं की नको म्हणत असशील तर फाडते. तिने कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि परत माझ्याच हातात दिला. म्हणाली, उद्या नऊला कचेरी उघडते, आधी काहीतरी खाऊन जा.

लोभ असावा, असं आजवर सवयीने लिहीत आले. आज तो मागते आहे.
तुझी,
युस्तिना