मेरीची कबर

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४
धुकं, धुकं आणि धुकं! देवी पॉइंटला दरी दिसेना, गाविलगडही गडप. अकोल्याची मंडळी तोंड पाडून जीपमध्ये बसली. "एवढ्या दुरून आलो, हे पाहाले?" मग नेहमीचं औषध काढलं - इंग्रजांचं जुनं कब्रस्तान. चिखलदऱ्याच्या गाइडला धुक्यात तेवढंच कामाला येतं.

गडाची १८०३ ची लढाई सांगा, लोक जांभया देतात. कीचकाला मारून भीमानं हात धुतले ते कुंड दाखवा, फोटो काढतात. पण मेरीचं सांगितलं की रडतात! इंग्रज कप्तानाची पोरगी, साडेचार वर्षांची, तापानं गेली. ढग गडगडले की बापाच्या शर्टात शिरायची. आज एका बाईनं कबरीवर चॉकलेट ठेवलं.

रविवार, ४ ऑगस्ट
इथे तरी खरं लिहावं. मेरी नव्हतीच.

अकरा वर्षांपूर्वी एका आजीनं त्या बिननावाच्या कबरीकडे बोट केलं. "हे कोनाची, बापू?" अन् माझ्या तोंडून निघून गेलं. नाव तेवढं बदललं, बाकी सगळी माझी माया. माया म्हणजे माझी मुलगी. परतवाड्याला दवाखान्यात नेत होतो. घाटातच, एसटीत, माझ्या बायकोच्या, मनकर्णाच्या मांडीवर गेली. अठरा वर्षं झाली.

लहान लेकराला जाळत नाहीत. चांदूर बाजारजवळ आमच्या गावी, नाल्याच्या काठी पुरली. पुढे नाल्याचं खोलीकरण झालं, जेसीबीनं काठच नेला. आता तिची जागा म्हणून दाखवायला काही नाही.

ती गेल्यापासून बायकोनं तिचं नाव घेतलं नाही. घरात मीही नाही. मनकर्णा कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर कणसं भाजते, आत कधी येत नाही. मी आत काय सांगतो ते तिला ठाऊक नसावं.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
अमरावतीच्या कॉलेजातल्या गीतांजली मॅडम आल्या. गावातल्या प्रत्येक जुन्या जागेवर माहितीचा बोर्ड लागणार, मजकूर त्यांचा. "सुगतभाऊ, या मेरीले आधार काय?" "जुनी मानसं सांगतात," मी म्हटलं. एम.ए. इतिहास झालेला माणूस मी!

सोमवार, १२ ऑगस्ट
कामावर गेलो नाही.

बुधवार, १४ ऑगस्ट
मॅडमना दफनाची जुनी नोंदवही मिळाली. कबर एका सार्जंटची. वय बावन्न, पोटदुखीनं मेला. "खरं तेच लिहा लागते न, भाऊ." वाईट बोलल्या नाहीत. पण मला भयंकर राग आला. शनिवारी बोर्ड लागेल, आणि मायाबद्दल बोलायची जगातली एकुलती एक जागा जाईल. तो जेसीबी परवडला! तिथे कोण आहे हे त्याला माहीत तरी नव्हतं. मॅडमना सांगावं का सगळं? मजकूर थांबवतीलही बिचाऱ्या.

गुरुवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनाहून येताना कबरीपाशी गेलो. त्या सार्जंटलाही कोणी माय असेलच की. अकरा वर्षं त्याच्या उरावर मी माझी पोर बसवली. त्याचं नाव काय, एवढंही कधी शोधलं नाही. शोभतं का हे मला?

मॅडमना फोन केला - लावा बोर्ड. दुसरं काही बोललो नाही. मग तिथेच पायरीवर बसून रडलो. लाज वाटली नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट
बोर्ड लागला. पर्यटकांना सार्जंटचं सांगितलं. मागच्या वर्षी येऊन गेलेली एक बाई म्हणाली, "अन् मेरी?" "नव्हती," म्हणालो.

"होती." मागे मनकर्णा! कणसं तशीच टाकून आत आलेली. "मेरी नाई, माया. आमची पोरगी. सीझनमंधी हे उशिरा घरी येत. तोवर माया दारात बसून राहे, जेवे नाई. तितीच झोप लागे. मंग उचलून आत नेत होती मी. ह्यांले कधी सांगतलंच नाई."

खरंच नव्हतं सांगितलं.