ताप आला कुठून

३ फेब्रुवारी, मंगळवार

नातीच्या तापाचा आज सातवा दिवस. सकाळी १००, दुपारी १०१.५, आता संध्याकाळी १०३. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा वर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या. पोट दुखतं म्हणते. जीभ पांढरी. अकरा वर्षांची पोर, एरवी घर डोक्यावर घेते. आज पाणी दे म्हणायलाही तोंड उघडत नाही.

सून माझ्यावर चिडली. "बाबा, दर अर्ध्या तासाला थर्मामीटर लावून ताप उतरत नाही. झोपू द्या तिला." मी म्हटलं, बरं, नुसता बसतो. पण बसवत नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तरी गोदामात तीस वर्षं आवक-जावक लिहिली. हाताला सवय आहे, म्हणून आकडे इथं मांडतोय.

४ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण, नातीची थोरली बहीण शोभेल अशी. पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. म्हणाली, टायफॉइड वाटतोय, पण नुसतं वाटून उपयोग नाही. रक्तातले जंतू वाढवून बघायचे, त्याला दोन-तीन दिवस लागतील. मी म्हटलं, आमच्या शेजाऱ्यांची तपासणी तर तासाभरात झाली होती.

"आजोबा, ती तपासणी कधी नसताना आहे म्हणते, कधी असताना नाही म्हणते. तुम्हाला लवकर हवंय की खरं?"

आधी रक्त काढलं, मगच सलाइनमधून औषध सुरू केलं. औषध आधी दिलं तर जंतू तपासणीत सापडत नाहीत म्हणे. दाखल करून घेतलं. मी नाकातोंडाला रुमाल बांधून दाराशी बसलो. सुनेलाही बांधायला लावला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

टायफॉइडच.

डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, रुमाल सोडा आणि हात धुवा. हा हवेतून येत नाही. एकाच्या पोटातून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या तोंडात जातो. पाण्यातून, खाण्यातून, नीट न धुतलेल्या हातांतून." बाजूच्या खाटेवरची बाई हसली. मला मात्र शिसारी आली. म्हणजे कुणाची तरी घाण पोरीच्या पोटात गेली. कुणाची?

आमच्या घरून रोज बावीस डबे जातात. सून आणि स्वयंपाकाच्या बाई रांधतात, मी काकडी-टोमॅटो चिरतो, मुलगा डबे पोचवून कामावर जातो. पाणी उकळलेलं. भांडी सून स्वतः बघते. मग आलं कुठून? घरात बाहेरचं माणूस एकच. बाईंची भाची महिन्यापूर्वी तापानं पडली होती, त्या तिला बघायला गेल्या होत्या. हे मी सुनेच्या कानावर घातलं. घालायला हवं होतं की नाही, कळत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

१०३.४. औषधाचा चौथा दिवस. ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात, म्हणे. मला एकेक तास मोजवत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

बाईंना काढलं. सुनेनं दारातच सांगितलं, काही दिवस येऊ नका. कारण विचारलं तेव्हा खाली बघून सांगितलं. बाई तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"काका, आठ वर्षं या ओट्यापाशी उभी आहे. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमचं पथ्यपाणी मीच केलं ना? माझी तपासणी करा की. मी नाही म्हणतेय का?"

टाकी बघून येतो म्हणून मी गच्चीवर गेलो. टाकी गेल्याच आठवड्यात धुतली आहे, मला ठाऊक होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

९९.२. पोरीनं मऊ भात मागितला. चार घास गेले. मी दवाखान्याच्या मोरीत नळ सोडून रडलो. म्हाताऱ्या माणसाला रडायलाही आडोसा लागतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

आनंद एक दिवस टिकला. आपले डबे घेणारे दोघे जण, बँकेतला कारकून आणि शाळेतली मास्तरीण, दोघांनाही टायफॉइड. आरोग्य केंद्रातली नर्स घरी आली. उंच, घाईत असलेली, पण बोलायला गोड. डबे बंद, म्हणाली. अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकानं शौचाचा नमुना द्यायचा. सकाळी आठला ती न्यायला येणार. नमुन्यासाठी तीन छोट्या डब्या दिल्या, त्यांवर आम्हा तिघांची नावं चिकटवून. बाईंचा पत्ताही लिहून घेतला.

मग विचारलं, "पूर्वी कुणाला झालाय का टायफॉइड?"

सून नाही म्हणाली, मुलगा नाही म्हणाला, मीही नाही म्हणालो. मला एकोणिसाव्या वर्षी झाला होता. महिनाभर अंथरुणात, डोक्यावरचे केस गेले होते. पण त्याला बावन्न वर्षं झाली. इतकं जुनं कोण धरतं?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला लाज वाटते, पण इथं नाही लिहिणार तर कुठं.

माझं पोट काल रात्रीपासून अडलेलं. पहाटे पाचला उठलो. गरम पाणी प्यायलो, गॅलरीत शंभर फेऱ्या मारल्या. काही नाही. पावणेआठ झाले. मुलगा संडासाच्या बाहेरून म्हणतो, "बाबा, झालं का? ती येईल आता." घाई केली की माझं आणखी अडतं. शेवटी तो म्हणाला, "द्या ती डबी इकडे." आणि स्वतःचंच थोडं माझ्या डबीत घालून वर झाकण लावलं. "कोण बघतंय? एकाच घरचं खातो आपण."

मला हसू आलं, त्यालाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बापलेक हसलो. सुनेला सांगितलं नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पोर घरी आली. हातापायाच्या काड्या झाल्यात, पण माझ्याशी भांडली, म्हणजे बरी आहे.

निघताना डॉक्टरीण गोळ्या समजावत होती. ताप गेला तरी पूर्ण दिवस घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. मग सहज म्हणाली, "काही माणसांच्या पित्ताशयात तर ते वर्षानुवर्षं राहतात. विशेषतः खडे असले तर. ना ताप, ना दुखणं. माणूस खातोपितो, हिंडतो, आणि नकळत दुसऱ्यांना देत राहतो."

सून पिशव्या भरत होती. तिनं ऐकलं नसावं.

गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत माझ्या पित्ताशयात खडे निघाले होते. त्रास देत नाहीत तर राहू द्या, म्हणाले होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

नर्सचा फोन. तिघांचेही नमुने स्वच्छ. बाईंचाही स्वच्छ. नर्स त्यांच्या घरी जायच्या आतच त्या आपल्या आपण केंद्रात जाऊन डबी देऊन आल्या होत्या, म्हणे.

सून देवासमोर हात जोडून उभी राहिली. मी मुलाकडे बघितलं. तो मोबाइलमध्ये बघत होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डबे सुरू. पाच किलो काकडी चिरली. चिरण्याआधी तीनदा हात धुतले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. आज म्हटलं, खांदा धरलाय, सुरी धरवत नाही. सून म्हणाली, "बाबा, तुमच्यासारखी पातळ चकती मला जमत नाही हो. डबे घेणारे विचारतात, आज आजोबा नव्हते का?" आठवडाभरापूर्वी हे ऐकून फुगलो असतो.

मग हळूच म्हणाली, "बाईंना परत बोलवू का? रिपोर्ट तर चांगला आहे त्यांचा." मी म्हटलं, थांब थोडं. का म्हटलं? त्या आल्या तर माझ्याकडे बघतील, म्हणून.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलाला गच्चीवर गाठलं. म्हटलं, ती डबी माझी नव्हती, मी पुन्हा नमुना देतो.

"बाबा, झालं ना आता? सगळं सुरळीत चाललंय. उगाच उकरू नका. एकदा या घराला शिक्का बसला की बावीसचे दोन डबे राहणार नाहीत. तुमची सून चार वाजता उठते त्यासाठी."

"आणि माझ्यातच असलं तर?"

"तुम्हाला दर महिन्याला काहीतरी असतं. गेल्या महिन्यात हार्ट होतं."

ते खरं आहे. मी भित्रा आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आता भित्र्याचं कोण ऐकणार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भाजी आणायला गेलो तर बाई समोर. वळायला जागा नव्हती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. म्हणाल्या, "रिपोर्ट आहे, काका. जवळच ठेवते. आणखी दोन घरांनी काढलं मला. कागद दाखवला तर तिथल्या बायका म्हणाल्या, कागद खरा असेल हो, पण ज्यांच्याकडे आठ वर्षं होतीस त्यांनी का काढलं मग?"

आवाज चढवला नाही. नातीची विचारपूस केली. केस गळतील, घाबरू देऊ नका, पुन्हा येतात, म्हणाल्या.

वांगी घेतली आणि घरी आलो. टोमॅटो आणायला गेलो होतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या दुकानातला शिंपी. आपलाच डबा. पाच दिवस ताप, आज दवाखान्यात नेला. त्याची बायको जिन्यात बसली होती. सोळा ते एकोणीस, चार दिवस मी काकडी चिरली होती.

जेवलो नाही. सून म्हणाली, "बाबा, आता तुम्ही नका पडू." मी तिला सगळं सांगून टाकलं. मुलानं भरलेली डबी, एकोणिसावं वर्ष, खडे. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली. मग सगळ्या डबे घेणाऱ्यांना फोन लावायला घेतले. उद्यापासून डबा नाही. एकेकाला तेच सांगत होती.

मुलगा जेवता जेवता उठून गेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज पोटानं अडवलं नाही. सात वाजता डबी भरली, झाकण लावलं, स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. केंद्रात चालत गेलो. नर्सला खरं सांगितलं. वाटलं, ओरडेल. तिनं खुर्ची दिली.

"काका, असलं तर तुमचा गुन्हा नाही तो. महिनाभर गोळ्या घेऊ, पुन्हा पुन्हा तपासू. नाहीच गेलं तर पित्ताशय काढता येतं. पण ती डबी बदललीत ना, त्याला माझ्याकडे औषध नाही."

१ मार्च, रविवार

शिंप्याचा ताप १०३.

४ मार्च, बुधवार

मीच.

रिपोर्टच्या चार प्रती काढल्या. एक घरी सुनेला. एक शिंप्याच्या बायकोला. तिनं न वाचता बाजूला ठेवली. उरलेल्या दोन प्रती बाईंच्या दारात जाऊन त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, यावर माझं नाव आहे, त्या दोन्ही घरी दाखवा, नाहीतर चला, मीच येऊन सांगतो. बाईंनी उभ्यानं सगळा कागद वाचला. आत या म्हणाल्या नाहीत. पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला."